दुसरा फोटो

कपाट आवरताना निळ्या कापडाचा एक मास्क सापडला. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि रनाळ्याचे शिंपी चाचा आठवले. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी गावासाठी असे मास्क फुकट शिवले होते. वाटपाचा अर्थातच समारंभ झाला. गर्दी टाळा, हे पाहुण्यांनी गर्दीला तासभर समजावलं. माझा घसा सकाळपासून खवखवत होता, पण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही.

फोटोच्या वेळी सगळ्यांचे मास्क हनुवटीवर उतरले. चाचांचा मात्र नाकावरच होता.

"चाचा, काढा ना. फोटोमा तोंड दिसत नही," मी म्हणालो.

"मीच शिवात, नी आते मीच काढू?" असं म्हणत त्यांनी मास्क खाली ओढला आणि श्वास रोखून गाल फुगवले. आम्ही पोट धरून हसलो. फोटोग्राफर म्हणाला, अजून एक. या वेळी चाचाही हसले.

आठवड्याभरात आम्ही दोघंही तापाने पडलो. मी उठलो, चाचा उठले नाहीत.

श्रद्धांजलीच्या बॅनरवर दुसरा फोटो लावला होता. त्यात तोंड स्पष्ट दिसतं, म्हणून मीच तो निवडला होता.