मागून येणारी रेघ

गल्लीत त्याला खुडबुड्या म्हणत. चालतं घड्याळही उघडून बघेल, असला स्वभाव. पण थोरल्या बहिणीवर भारी जीव. ताई जन्मभर कापडाच्या गिरणीत नक्षी काढायची. अर्धांगाने उजवी बाजू गेली, तेव्हा तो हात पुन्हा वळावा म्हणून ह्याने संगणकावर चित्र काढायचा प्रोग्राम स्वतः लिहिला. ताई संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेन टेकवी, पडद्यावर रेघ उमटे. वाकडी, पण तिची. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा हात चालता ठेवा, थांबला की आखडेल.

खोट एकच होती. चित्र सरकवलं की मधोमध फाटल्यासारखं दिसे. वरचा तुकडा पुढे, खालचा मागे. ताईला त्याचं काही नव्हतं. गिरणीत याहून वाईट कापड पास झालंय, म्हणायची. खुडबुड्याला मात्र ते कुसळासारखं सले. पडदा वरून खाली रंगत जातो आणि प्रोग्राम मध्येच नवं चित्र घुसवतो, हे त्याने शोधून काढलं. मग प्रोग्रामला थांबायला शिकवलं: आधीचं पुरतं रंगू दे, मग दुसरं. फाटणं गेलं. ताईला सांगायचं मात्र राहिलं.

त्यानंतर ताई थोडे दिवस बसली. मग कंटाळा आला म्हणाली, मग खांदा दुखतो म्हणाली. पेन कपाटात गेलं. हा आपला पडद्यावरच्या रंगांच्या डब्या सजवण्यात दंग.

थंडी सरताना त्याची बायको सहज पेन काढून पाटीवर गिरगटायला बसली.

"अहो, रेघ मागून का येते?"

तो हसला. डोळ्याला कळणारसुद्धा नाही म्हणाला.

"डोळ्याला नसेल. हाताला कळतंय."

त्याने पेन घेऊन स्वतः रेघ ओढली. चित्र थांबायला शिकलं, तशी रेघही हातामागे थांबायला शिकली होती. तो ताईकडे धावला.

"मला वाटलं, पुन्हा झटका येऊन गेला," ताई म्हणाली. "हात इकडे, रेघ तिकडे. तुला कशाला सांगू? आधीच माझ्यापायी अर्धा झालायस."

त्याने केलेलं सगळं उलटवलं. चित्र पुन्हा फाटू लागलं. इतके महिने थांबून आखडलेली ताईची मूठ मात्र उघडेना. एकेक बोट सोडवून त्याने पेन बसवलं, वर आपला हात धरला आणि फूल काढलं. रेघ लगोलग आली, सरळ, सुरेख.

ताईने ती नीट पाहिली.

"ही तुझी आहे रे."

त्याने हात काढला. पेन पाटीवरून घरंगळत खाली गेलं.