भुवयांचा होकार

"दुखतंय का?" मी आजींना तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी तिसऱ्यांदा नुसत्या भुवया उंचावल्या. मिरजेच्या वॉर्डात मी सरळ म्हटलं असतं, "आजी, मौनव्रत धरलंय का?" पण कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या या गावात, जिथे रस्ताच येत नाही, फक्त विमान येतं, तिथे मी नवखी नर्स. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. शेवटी त्यांची मुलगीच वैतागली. "सिस्टर, ती केव्हाची हो म्हणतेय. आमच्याकडे भुवया वर म्हणजे हो. नाक आक्रसलं की नाही."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. थंडीचे बूट दिले, अस्वल दिसलं तर काय करायचं तेही शिकवलं. इंग्रजीची परीक्षा मी घासून पास झाले, पण चेहरा मिरजेचाच घेऊन आले. आमच्याकडे भुवया उंचावल्या की समजावं, आपलं काहीतरी चुकलं. गावभर लोक मला हो म्हणत होते आणि मी रोज घरी येऊन अपमान झाल्यासारखी भांडी आपटत होते! आता ही चीड काढायची तरी कुणावर?

हळूहळू माझ्याही भुवया बोलायला लागल्या. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. "करमतंय ना गं तिथं?" तिने विचारलं. खरं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण नाक आपसूक आक्रसलं.

"नाक काय मुरडतेस?" आई कडाडली. "इथं अख्खी गल्ली तुझं कौतुक करतेय!"