लिव्हरचे वॉचमन

ठाण्याच्या लिव्हर ओपीडीत मंगळवारी बाकावर बसलं की किस्से आपोआप साठतात. फाइल उघडायची हिंमत होत नाही, म्हणून माणसं तोंड उघडतात!

आम्ही शहाडहून यायचो. बाबा वर्तकनगरच्या एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन. जुन्या काविळीने त्यांचं लिव्हर कडक झालेलं. बाकावर शेजारी बसलेल्या काकांनी मला हळूच विचारलं, "घ्यायचे का रे?"

बाबांनी ऐकलं. "हो! चहा. रात्रभर!"

बाकावर कोळीवाड्यातली भारतीमावशी नवऱ्याला घेऊन यायची. बाबांनी तिला ड्युटीची पद्धत सांगितली. काठी दोनदा आपटायची. पलीकडच्या सोसायटीतून ठकठक आली, की तिथला वॉचमन जागा. नाही आली, की पुन्हा आपटायची.

"आनि सोसायटीवाले झोपायचे कदी?" मावशी म्हणाली.

मग बाबांच्या सोनोग्राफीत डाग दिसला. सीटी झाला. कॅन्सर.

डॉक्टर मॅडमनी समजावलं, "लिव्हरमध्ये राखण करणाऱ्या पेशी असतात. वर्षानुवर्षं सूज राहिली की त्या दमतात. गाठ समोर असते, पण हल्ला करत नाहीत. काही तर उलट गाठीलाच सांभाळतात."

बाबा भडकले. "त्यांना कशाला बोलता, मॅडम? इतकी वर्षं पाळी बदलायला रिलीव्हर नाही दिला, तर काय होणार!"

मॅडम हसल्या. "सलाईनमधून औषध देऊ. ते दमलेल्यांना जागं करतं. पण सगळ्यांच्या पेशी जाग्या होतातच असं नाही."

बाहेर मावशीला सांगितलं, तर ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांच्या पेशी ह्यांच्यासारख्याच असतील. चोराला पाट देतील बसायला!"

मी नववीत शाळा सोडलेली. मोठ्या माणसांपुढे बोलायचं म्हटलं की जीभ अडते. पण एकच प्रश्न विचारायचा ठरवलेला, 'बाबा वाचतील ना?' जिन्यात घोकला, बाकावर घोकला. केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "मॅडम, पंखा कमी करू?"

पहिलं सलाईन दुपारी लागलं. मी खुर्ची ते दरवाजा फेऱ्या मारत होतो. बाबा थेंबाकडे बघत पडलेले. मग त्यांनी मोकळा हात उजव्या बरगडीखाली नेला आणि बोटाने दोनदा ठोकलं. ठक. ठक.

सिस्टर धावत आली. "काका, दुखतंय का?"

बाबांनी तिला हातानेच थांबवलं.

"श्श! उत्तर येऊ दे."