ज्याचा काटा, त्याचं पित्त

वडील गुरुवारी वारले. काटा त्याआधीच्या शुक्रवारी लागला होता.

आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. आरमोरीकडच्या आमच्या गावच्या तलावात तेव्हा बाहेरून आणलेलं मत्स्यबीज सोडलं होतं. त्यातल्या एका जातीला सगळे सरकारी मासा म्हणत. त्याच्या पाठीवरच्या काट्याला करवतीसारखे दात असत. उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि या माशांच्या अंगावर लाल फोड दिसू लागले.

मी शाळेत मास्तर होतो. आरोग्याच्या धड्यातले जंतू मुलांकडून पाठ करून घेत असे. जाळं ओढायच्या दिवशी वडिलांना म्हटलं, "बाबा, हे मासे हातात धरू नका."

"काऊन?"

"रोग आहे त्यांना. माणसाला लागेल."

"मास्तर," ते मला घरीही मास्तरच म्हणत, "जनमभर याच पाण्यात आंघोळ करून राह्यलो. माहा खोकला कोण्या माशाले लागला का?"

काठावरचे सगळे हसले. मीही हसलो. युक्तिवाद चांगला होता.

मग मासा जाळ्यातून सोडवताना त्यांच्या अंगठ्यात काटा शिरला. आमच्यात यावर ठरलेला इलाज होता: ज्याचा काटा, त्याचंच पित्त. त्यांनी मासा माझ्यापुढे टाकला.

"चीर. का पुस्तक पाहा लागते?"

मी चिरला. फोडांचा चिकटा लागलेल्या बोटांनी पित्त जखमेत पिळलं. शिकून बिघडलो नाही, हे चारचौघांत सिद्ध झालं.

तो मासा आम्ही शिजवून खाल्ला. कुणालाही काही झालं नाही, आणि गावाने तेवढा पुरावा पुरेसा मानला. रविवारी वडिलांचा हात कोपरापर्यंत सुजला. बैलगाडीने दवाखान्यात नेलं. जखमेला काय लावलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"मास्तरले इचारा," वडील तापात म्हणाले. "इलाज त्यानंच केला." ते कौतुकाने म्हणत होते.

डॉक्टरांनी मला जंतू समजावून सांगितले. धडा मला पाठ होता.

आमच्यात तेरवीला मासे करतात; ते त्याच तलावाचे आले. मी बोटांना चिंधी गुंडाळून चिरायला बसलो.

"मास्तर मासोळीले भेते," काका म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

शाळेत तो धडा आता दुसरे मास्तर शिकवतात. वडिलांचं जाळं माझ्याकडे आहे.