एकशे सत्तावीस नंबर माझ्यासमोरून गेला

आधीच सांगते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कोणी मला शहाणपण शिकवायला नको. मी देवचाराला, गावाच्या त्या अदृश्य राखणदाराला, नारळ ठेवणाऱ्यांतली नाही. आमच्या डिचोलीत घरोघरी असल्या गोष्टी असतात... कोणाला आडवाटेवर घोंगडीवाला भेटला, कोणाला माडाखालून हाक आली. कोणी सांगायला लागलं की मी मोबाइल बघत बसते. हे लिहितेय ते कोणाला घाबरवायला नाही. न केलेली एक चूक माझ्या नावावर लावली गेली, आणि दोन वर्षं होत आली तरी माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी म्हापशाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सतरा वर्षं झाली. नळीवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर जुळवणं हेच माझं दिवसभराचं काम. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर एकाचा आजार दुसऱ्याच्या रिपोर्टात जातो. सतरा वर्षांत माझ्या हातून असं एकदाही झालेलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे लोक मला सांगणार आहेत की मला नंबर वाचता आला नाही.

पळायला लागले ते एकेचाळिसाव्या वर्षी, एका मैत्रिणीच्या नादाने. शनिवार-रविवार कधी केरीच्या किनाऱ्यावरून, कधी पेडण्याच्या कातळसड्यावरून. वेग विचारू नका. पळून झालं की पातळभाजी आणि उंडे, म्हणजे आमचे गोव्याचे गोल पाव, खायचे, हा निम्मा हेतू. पण मला खरी गोडी लागली ती शर्यतीत व्हॉलंटियर म्हणून उभं राहायची. अनोळखी माणूस घामाघूम होऊन येतो, तुमच्या हातचं पाणी पितो, ‘थँक्यू ताई’ म्हणून पुढे पळतो. मला ते फार आवडतं. अजूनही.

तर ती ट्रेल रेस. जानेवारीतला रविवार. कारापूरच्या पलीकडे, एका बंद खाणीच्या मागच्या डोंगरात. नेमकी जागा आणि आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांच्या प्रमुखांना सगळे ‘सर’ म्हणतात, मीही इथे सरच म्हणते. साडेसहाला सुरुवात, एकवीस किलोमीटर. वाट कळावी म्हणून वळणावळणावर झाडांना रिबनी बांधायच्या, ते काम आयोजकांचं. पहिला चेकपॉइंट चौथ्या किलोमीटरला, दुसरा नवव्याला. दुसरा माझा. एक मेज, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे कॅन, मीठ घातलेलं लिंबूपाणी, आणि माझ्याकडे क्लिपबोर्ड. येणाऱ्याच्या छातीवरच्या बिबचा नंबर आणि वेळ लिहायची. सोबत विनायक म्हणून एक जण होता, पस्तिशीचा, सरांच्या खास मर्जीतला. तो ग्लास भरून देणार, मी लिहिणार.

पुढचे जोरदार पळणारे गेले. मग एक घोळका गेला. मग जरा वेळ कोणीच नाही. ऊन नुकतं झाडांतून खाली उतरत होतं. ऊन लागलं असेल असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते, माझ्या अंगात तेव्हा जाकीट होतं.

सात सेहेचाळीसला तो आला.

पन्नाशीचा माणूस, काटक, मिशा पांढऱ्या. बिब एकशे सत्तावीस. डाव्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेला. मला वाटलं, घसरून पडला असेल, तसे बरेच पडतात. मी नंबर लिहिला, वेळ लिहिली. विनायकने ग्लास पुढे केला. त्याने घेतला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, मागे एक जण पडलो हा. पाय मोडलो हा तेचो. कोणाक तरी धाडा.”

बोली मालवणी. आमच्याकडे गॅरेजांत, ट्रकांवर सिंधुदुर्गातली पुष्कळ माणसं आहेत, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

“कुठे पडलाय?” मी विचारलं.

“मोठो पायप हा बघा, थंय. वळणार रिबन नाय. तो सरळ गेलो आनी खाली पडलो.”

“शुद्धीवर आहे?”

“हा. पण माती सुटता हा. बेगीन धाडा.”

एवढं बोलून तो पुढच्या वाटेने पळत गेला. दमल्याची खूण नाही, लंगडणं नाही. मला तेव्हा एकच गोष्ट खटकली. जवळ उभा असून त्याच्या श्वासाचा आवाज येत नव्हता. नऊ किलोमीटर पळून आलेला माणूस धापा टाकतो हो! पण विचार करायला वेळ कुठे होता?

मी सरांना फोन लावला. रेंजसाठी खडकावर चढावं लागलं. सर म्हणाले, “स्वीपर मागून येतोच आहे, तो बघेल. तुम्ही पॅनिक होऊ नका.” स्वीपर म्हणजे सगळ्यात शेवटच्या माणसामागून चालत येणारा. तो त्या वळणावर यायला अजून तास-दीड तास होता. मी तसं सांगितलं. सर म्हणाले, “मॅडम, चेकपॉइंट सोडायचा नाही. रूल इज रूल.”

मी फोन ठेवला, क्लिपबोर्ड विनायकच्या हातात दिला, प्रथमोपचाराची पिशवी पाठीला मारली आणि उलट्या दिशेने धावत सुटले. हो, चेकपॉइंट सोडला. हा आरोप मला मान्य आहे. तो एकच.

तीन किलोमीटर, निम्मा चढ. समोरून येणारे विचारत होते, “ताई, वाट चुकलात?” मी प्रत्येकाला विचारत होते, कोणी पडलेलं दिसलं का? कोणालाच दिसलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी एवढी जोरात कधी पळाले नसेन.

पाइप सापडला. खाणीतलं पाणी उपसायचा जुना, गंजलेला, माणूस आत बसेल एवढा जाड. तिथे वाट उजवीकडे वळते, आणि वळणावर रिबन नव्हती. एकही नाही. जमिनीवर चुन्याने बाण काढला होता, तो पुढच्यांच्या पायांनी पुसला गेलेला. घोळक्यातले एकमेकांच्या मागून वळले असणार. एकटा येणारा सरळ जाणार, आणि सरळ दहा पावलांवर कडा.

मी पोटावर झोपून खाली बघितलं. दोन माणसांच्या उंचीएवढं खाली, पावसाळ्यात कोसळलेल्या मातीचा उतार, त्याच्या खाली खाणीचं हिरवं पाणी. उतारावर एका काजूच्या मुळाला धरून माणूस पडलेला. डावी बाजू लाल मातीने माखलेली. मिशा पांढऱ्या.

बिब एकशे सत्तावीस.

मी काय बोलले असेन? “धीर धरा”, “आलेच”? नाही. मी ओरडले, “तुम्ही आत्ता पुढे गेलात ना?”

तो खालून क्षीण आवाजात म्हणाला, “खय जातलंय? माका उठाक येणा नाय.”

विचारायचं अजून बरंच होतं. पण खाली माती खरंच सुटत होती. तो हलला की मूठभर माती घरंगळून पाण्यात पडायची. मागून म्हापशाच्या दोघी बहिणी पळत येत होत्या, त्यांना थांबवलं. एकीने पुढे जाऊन रेंज शोधली आणि रुग्णवाहिका बोलावली. दुसरी आणि मी, आमची जाकिटं एकमेकांना बांधून, बाजूने उतरलो आणि त्याच्या काखेतून ती घालून त्याला मुळाला बांधून ठेवलं. माणसं आणि दोर येईपर्यंत चाळीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. त्याचं नाव चंद्रकांत. मूळचा दोडामार्गचा, कारापूरला गॅरेजात मेकॅनिक. पडल्यावर त्याने पहिलं घड्याळ बघितलं होतं. सात वीस.

मी हिशेब करत होते, परत परत. सात वीसला तो खाली पडला. सात सेहेचाळीसला तो माझ्यासमोर उभा होता.

आता खरा संतापाचा भाग.

संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा मेसेज. जखमी धावपटूची प्रकृती चांगली आहे. दुसऱ्या चेकपॉइंटवरील स्वयंसेविकेने चुकीची नोंद केली, तसेच जागा सोडली, त्यामुळे गोंधळ झाला. पुढील वेळी काळजी घेतली जाईल. रिबनबद्दल एक शब्द नाही! खाली सत्तर अंगठे.

मी फोन केला. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, ह्यूमन एरर. तुम्ही एकशे सत्तावीस लिहिलंय, तो तर तिथे पोचलाच नाही. एकशे बहात्तर असेल.”

“एकशे बहात्तर बाई होती. तिची नोंद खाली विनायकने केलीय, आठ दोनला.”

“मग दुसरा कोणीतरी.”

“दुसऱ्या कोणीतरी मला पाइप सांगितला? रिबन नाही हे सांगितलं? मग तो दुसरा कोण, शोधा ना. शर्यतीत एकशे नव्वद माणसं होती, विचारा प्रत्येकाला.”

मी स्वतः विचारलं. पुढे गेलेला घोळका त्या वळणावरून सात वीसच्या आधीच गेला होता. नंतरच्या कोणी काही बघितलं नव्हतं. चंद्रकांतला भाऊ नाही, जुळा तर नाहीच. पुढच्या चेकपॉइंटवर एकशे सत्तावीसची नोंद नाही. माझ्यासमोरून गेलेला माणूस पुढे कुठेच पोचला नाही.

आणि विनायक! ज्याने त्याच्यापुढे ग्लास धरला होता, तो सरांना म्हणाला, “मी पाठमोरा होतो, माझं लक्ष नव्हतं.” तिसऱ्या दिवशी मला वेगळा फोन. “ताई, मी बघितलं हो त्याला. पण तिथे बोललो असतो तर दोघांनाही वेड्यात काढलं असतं.” मी म्हटलं, “मग आता एकटीला काढतायत, ते बरं चाललंय?” फोन आपटला.

लॅबमध्येही बातमी पोचली. एका पेशंटने हसत विचारलं, “मॅडम, माझा नंबर नीट लिहिला ना?” त्या दिवशी मी जेवले नाही. आमच्या शेजारच्या काकींनी आपलं ठरवून टाकलं की तो राखणदार. म्हटलं, काकी, राखणदार छातीवर चार पिना लावून बिब कशाला घालील? त्यांना राग आला. येऊ दे.

दहा-बारा दिवसांनी डिचोलीत मीटिंग बोलावली. सरांनी नवीन नोंदतक्ता छापून आणला होता, एकशे सत्तावीसची ओळ काढून. “फक्त सही करा मॅडम, रेकॉर्ड क्लीन राहील.”

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं. “तो आला होता. मी लिहिलं. तुम्हाला रेकॉर्ड क्लीन करायचं असेल तर आधी लिहा की वळणावर रिबन नव्हती.”

“विषय तो नाहीये...”

“विषय तोच आहे!”

माझा आवाज चढला होता. तेवढ्यात दारात कुबड्यांचा आवाज आला. चंद्रकांत आणि त्याची बायको. कोणीतरी त्याला कळवलं होतं, विनायकनेच, असं मला वाटतं, पण त्याने ते कधी कबूल केलं नाही. खुर्ची दिली तरी चंद्रकांत बसला नाही.

“सर, मी ताईंच्या टेबलार गेलंय नाय,” तो म्हणाला. “माका तसा काय एक आठवना नाय. मी खालीच होतंय.”

सर माझ्याकडे बघून हसले. बघा, म्हणून.

“पण तुमी ती ओळ खोडतास,” चंद्रकांत पुढे म्हणाला, “तर मग माका सांगा, ताईंका माझ्याकडे धाडल्यान कोणी?”

त्या खोलीत पंधरा माणसं होती. सगळी सरांकडे बघायला लागली. सरांनी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि पुढच्या शर्यतीच्या टी-शर्टांचा विषय काढला.

बाहेर पायरीवर मी चंद्रकांतला गाठलं. इतके दिवस साठलेलं सगळं त्याच्यावरच निघालं. म्हटलं, “आलात ते आलात, मग ‘एक जण पडलाय’ असं का सांगितलंत? ‘मी पडलोय’ म्हणायचं होतं!”

तो म्हणाला, “ताई, उभो माणूस ‘मीच थंय पडलंय’ म्हणाक लागलो, तर तुमी हसला असतास.” मग बायकोकडे बघून, हळू आवाजात, “येक मात्र खरा. मुळाक धरून होतंय तेवा माझ्या मनात येकच होता. पुढच्या टेबलार जावन कोणाक तरी सांगूक व्हया. दुसरा काय नाय. देवाचा नावसुद्धा नाय.”

त्याची बायको रडायला लागली. मीही.

त्या आयोजकांकडे मी परत गेले नाही. दुसऱ्यांच्या शर्यतींना उभी राहते, आणि आदल्या दिवशी स्वतः जाऊन प्रत्येक वळणावरची रिबन बघून येते. लोक म्हणतात अति करते. म्हणू देत. माझ्यावरचा तो मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे, कोणी मागे घेतलेला नाही.

तो माणूस माझ्यासमोर कसा आला, ते मला माहीत नाही. लॅबमध्ये ज्या गोष्टीचं उत्तर निघत नाही तिथे आम्ही ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहितो आणि खाली सही करतो. इथेही मी तेवढंच लिहू शकते. तुमच्यापैकी कोणाकडे याहून चांगलं उत्तर असेल तर जरूर सांगा. फक्त मी आकडा चुकीचा वाचला असं म्हणू नका. एकशे सत्तावीसच होता.