टेम्पोत न सापडलेला कीबोर्ड

रविवारी सकाळी सोलापूरच्या सात रस्ता चौकात इरफानभाईंच्या टेम्पोत चढलो, ते एक भांडण मिटवायला. कारण ऐकून हसाल... एका रॉक बँडचा नवा अल्बम.

बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथे पुन्हा भांडण नको. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. लांबलचक गाणी, मध्येच ताल बदलतो, गाणारा गायब होतो आणि कीबोर्डवाला निवांत गावभर फिरून येतो.

सोलापुरात हे असलं ऐकणारी आम्ही दहा-बाराच डोकी. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी त्याचा ॲडमिन. पण हे वेड लावलं ते इरफानभाईंनी.

मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, इरफानभाई टेम्पोतून आमचा माल नेतात. माझी शाळा अकरावीत सुटली, गाण्यातलं इंग्रजी कळायचं नाही. ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले होते, "शब्द सोड की! नुसता ताल मोज, सातावर फिरून येतो बघ." तो आला... आणि मी अडकलो तो अडकलोच.

तर नवा अल्बम आला आणि ग्रुपचे सरळ दोन तुकडे झाले. आमच्यातला आनंद बँकेत आहे, नवे हेडफोन घेतलेत. त्याने लिहिलं, "आजवरचा सगळ्यात भारी अल्बम. कीबोर्ड ऐकून काटा आला अंगावर."

इरफानभाईंचा लगेच व्हॉइस मेसेज. "कुठला कीबोर्ड रे? कीबोर्डवाला झोपलाय सगळ्या गाण्यांत. संपला बँड!" त्यांच्याबरोबर टेम्पोत ऐकणारे दोघे ड्रायव्हर त्यांच्या बाजूने, हेडफोनवाले सगळे आनंदच्या बाजूने.

मला अल्बम आवडला होता. पण भाईंच्या विरोधात लिहायचं धाडस होईना. चार ओळी लिहायचो, वाचायचो, खोडायचो...

शनिवारी आनंदने लिहिलं, "टेम्पोत ऐकून असले अल्बम कळत नसतात." झालं. इरफानभाईंनी तडक ग्रुप सोडला.

मला जेवण गेलं नाही. भाई नसलेला ग्रुप म्हणजे काय, ते मला कल्पनेतही बघवेना. म्हणून रविवारी ते टेम्पो धुवायला नेणार होते, तर मीही बरोबर गेलो आणि भीत भीत म्हटलं, "भाई, एकदा दोघं मिळून ऐकू या का?"

"लाव. सापडला तुला कीबोर्ड, तर आजचं जेवण माझ्याकडून."

गाणं सुरू झालं... आणि भाईंचं खरं होतं! मी इतक्या वेळा ऐकलेलं गाणं, पण त्यात कीबोर्डच नाही. मी फोन तपासला, गाणं तेच होतं.

मग लक्षात आलं, सगळा आवाज भाईंच्या बाजूने येतोय. माझ्या गुडघ्याशी दारात जो स्पीकर आहे, त्यावर तळहात ठेवला. काही नाही. ढिम्म. हा बँड कीबोर्ड डाव्या बाजूच्या स्पीकरवर वाजवतो, आणि नेमका तोच बंद होता.

आता मात्र पंचाईत झाली. सांगावं, तर आनंदचा टोमणा खरा ठरतो. न सांगावं, तर भाई कायमचे बाहेर... शेवटी म्हटलं, "भाई, गाडी जरा बाजूला घ्या."

त्यांनी स्पीकरला कान लावला. माझ्याकडे बघितलं. मग घरी अम्मींना फोन लावला, "अम्मी, टेम्पो के स्पीकर कू हात किसने लगाया?"

पलीकडून आवाज आला, "मैंच निकाली वायर. सांगोला शादी कू गए थे ना, तब. जाते-आते मेरे कानाँ में धडाधड!"

"बोलना तो था ना!"

"बोलती तो तू निकालने देता था क्या?"

भाई एवढे हसले की हातून हॉर्नच वाजला. मग स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले, "लग्नाला दोन महिने झाले रे. तेव्हापासून जुने अल्बम रोज ऐकतोय की मी... कायच कमी वाटलं नाही मला."

जुनी गाणी त्यांना इतकी पाठ होती, की नसलेला कीबोर्ड ते मनातच वाजवत होते. नव्या गाण्यांना ती सोय नव्हती.

वायर जोडली, गाणं पुन्हा लावलं. माझ्या गुडघ्यापाशी कीबोर्ड सुरू झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. "हाय की रे हा..." एवढंच म्हणाले.

ग्रुपवर हे कसं सांगावं, भाईंचा कमीपणा होणार नाही असं वाक्य मी जुळवत बसलो होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "मला ॲड कर," आणि व्हॉइस मेसेजमध्ये एका दमात बोलून टाकलं, "आनंद, तू म्हणालास ते खरं निघालं. आमच्या टेम्पोत अर्धाच अल्बम वाजत होता. अम्मीनं वायर काढलेली!"

आनंदचं उत्तर आलं, "भाई, चुकलो. हा बँड मी पहिल्यांदा ऐकला तो तुमच्याच टेम्पोत." संध्याकाळी तो स्वतः सात रस्त्यावर आला, आणि कबूल केल्याप्रमाणे भाईंनी जेवण दिलं... दोघांनाही.

पण वाद मिटला असं समजू नका. भाईंचं म्हणणं, कीबोर्ड आहे हे मान्य, पण शेवटचं गाणं उगाच ताणलंय. आनंदने हेडफोनची एकच बाजू कानाला लावून बघितली आणि जाहीर केलं, की असे ड्रम जास्त भारी वाटतात. आता ग्रुपवर एकाच बाजूने ऐकणाऱ्यांचा 'अम्मी मिक्स' नावाचा तिसरा पक्ष निघालाय.

काल मीही लिहिलं, पहिल्यांदाच, न खोडता. "भाई, तुमचं पटत नाही. शेवटचं गाणंच सगळ्यात चांगलं आहे." आणि फोन उलटा ठेवून बसलो.

भाईंचं उत्तर आलं, "चूक हाय तुझं. रविवारी ये, बसून भांडू."

ज्यांच्याशी बसून भांडता येतं अशी माणसं मला मिळाली... त्या बँडचे, आणि अम्मींचेसुद्धा, मनापासून आभार.