कुंताकाकूंचं रडणं, सकाळी नऊ ते सहा

सेलूच्या वर्षालीला वेळापत्रकाची जन्मजात खोड. मावसभावाच्या लग्नात अठ्ठावीस पाहुणे आणि न्हाणीघर एकच, असा पेच पडला तेव्हा तिने दारावर आंघोळीचा तक्ता चिकटवला. नवरदेवाच्या वाट्याला सात मिनिटं आली, पण वरात वेळेवर निघाली. त्यामुळे वर्ध्याच्या कॉलेजात चार लघुपटांना मिळून एक कॅमेरा आणि एकच दिवस मिळाला, तेव्हा शूटिंगचं शेड्यूल कोणी बनवायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही.

त्या चारांतला एक लघुपट तिचा स्वतःचा. पण घरच्या बाईने सगळ्यांना वाढून शेवटी बसावं, तशी तिने स्वतःला संध्याकाळी पाचची वेळ घेतली. सहाला कॉलेजचा माणूस कॅमेरा न्यायला येणार. तोवर झालं नाही, तर फिल्मही नाही आणि मार्कही नाहीत.

चारही गोष्टींत आई होती आणि ती रडत होती. विद्यार्थ्यांच्या लघुपटातली आई सहसा दुसरं काही करत नाही. वर्षालीने शेजारच्या कुंताकाकूंना गाठलं. लोकांच्या पोरींच्या बिदाईत काकू नवरीच्या आईच्या आधी रडायच्या.

"येतो ना वं," काकू म्हणाल्या, "पण दुसऱ्या दिवशी बाजार हाये. मले वांगे तोडाचे हायेत."

मग वर्षालीने अख्खं शूटिंगच काकूंच्या वावरात नेलं. चार आया, चार साड्या, एक वावर. मधल्या वेळात वांगी. तक्ता इतका देखणा झाला, की कॅमेरावाल्या योगेंद्रने आधी त्याचाच फोटो काढला.

सकाळी पहिला मुलगा पुण्याला निघाला आणि काकूंनी वावर भिजवलं. दुपारी दुसरा दुबईला गेला. त्याचा दिग्दर्शक रुपेश भीत भीत म्हणाला, "काकू, थोडं कमी रडा."

"कमी-जास्त कराले मी काय नळ हाओ का रे?"

तिसरा फौजेत गेला. पाच वाजता वर्षालीच्या फिल्मची पाळी आली. मुलीचं काम करणारी खुशी बॅग घेऊन होस्टेलला निघाली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि फिस्सकन हसल्या. दुसऱ्यांदा हसल्या. तिसऱ्यांदा तर बांधावर बसूनच हसल्या.

"काऊन हसता काकू?"

"अवं, सकाऊनपासून तीन लेकरं धाडले! हे चवथी! वावर हाये का बसस्टँड?"

सगळं युनिट पोट धरून आडवं झालं.

"कांदा आणू का?" वर्षालीने घड्याळ पाहत विचारलं.

"कांदा नाई लावला यंदा."

पावणेसहा झाले. आणि दिवसभर सगळ्यांचं नीट लावून दिलेल्या वर्षालीलाच भडभडून आलं. "माहीच फिल्म राह्यली काकू," म्हणत ती मुसमुसायला लागली.

"अवं माय! एवढ्यासाठी रडतं का कोणी?" काकूंनी तिला पोटाशी धरलं. हसू तर आवरत नव्हतंच. हसत हसतच त्यांनी खुशीच्या हातातली बॅग ओढली, तिच्यात पसापसाने वांगी कोंबली आणि ती वर्षालीच्या खांद्याला अडकवली. "घे. खाजो, आन् रडू नोको."

योगेंद्रने कोणाला न विचारता कॅमेरा सुरू केला होता. आई हसतेय, पोरगी रडतेय, बॅगेतून देठं डोकावतायत. एवढं छान चाललेलं, पण 'कट' म्हणायला कोणी नाही. दिग्दर्शिकाच कॅमेऱ्यासमोर.

शेवटी खुशीच ओरडली, "कट!" आणि मग हळूच विचारलं, "माहा रोल गेला का वं ताई?"